उरलेल्या बाटल्या

अँफोटेरिसिन-बी हे नाव महाराष्ट्राला २०२१ च्या मे महिन्यात पाठ झालं. करोनातून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिस होऊ लागला, कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा, आणि ज्या औषधाचं नाव पूर्वी गल्लीतल्या केमिस्टलाही माहीत नसायचं त्याच्यासाठी लोक रात्ररात्र फोन फिरवू लागले. आमच्या छापखान्यातल्या एका सहकाऱ्याचा मेव्हणा तेव्हा ॲडमिट होता. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "हे काय लिहिलंय हो?" मी न अडखळता वाचून दाखवलं. बाटली पन्नास मिलिग्रॅमची असते, फ्रिजमध्ये ठेवावी लागते, सलाइनमध्ये मिसळली तर फुटते, डेक्स्ट्रोजच लागतं, हेही सांगून टाकलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला हे कुठून ठाऊक, असं त्याच्या मनात आलं असणार. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हे औषध माझ्या शिरेतून २००४ च्या पावसाळ्यात गेलेलं आहे. त्यातल्या सहा बाटल्या माझ्या नव्हत्या. त्या शेजारच्या खाटेवर वारलेल्या माणसाच्या होत्या. त्यांच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात आहे.

तेव्हा मी चौतिशीत होतो. गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक, राहायला लालबागच्या चाळीत. आदल्या हिवाळ्यात छातीवर नागीण उठली होती. चाळीतल्या आजींनी गेरू लावला, कुणी उतारा काढला, महिन्याभरात ती सुकली आणि आम्ही ती विसरलो. मग वजन उतरू लागलं. शर्टाच्या कॉलरमध्ये दोन बोटं सहज जायला लागली. आंबा बाधलाय, कामाचा ताण आहे, असं ज्याला जे सुचेल ते तो सांगायचा. जूनमध्ये डोकं दुखायला लागलं ते थांबेचना. एका डॉक्टरांनी मायग्रेनच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी पित्त म्हटलं, तिसऱ्यांनी चष्म्याचा नंबर बदलून आणायला सांगितलं. नवा चष्मा लावून कामावर बसलो तर प्रत्येक ओळ दोनदा दिसू लागली. मुद्रितशोधकाच्या नशिबी याहून वाईट काय येणार? एक डोळा रुमालाने झाकून मी एका दिवाळी अंकाचे चार फर्मे तपासले. मालकांनी पाहिलं आणि म्हणाले, "घरी जा. बरा झाल्याशिवाय येऊ नकोस. पगाराचं मी बघतो." त्यांनी खरंच बघितलं.

आजाराचा धागा पहिल्यांदा सापडला तो दातांच्या डॉक्टरांना. घास गिळताना दुखायचं म्हणून मी महापालिकेच्या दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी जिभेवरचा पांढरा थर लाकडी पट्टीने हळूच खरवडला, टाळ्याकडे बॅटरी मारली, वय विचारलं. बाहेर माणसं होती म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "ही बुरशी आहे. लहान बाळांना होते, खूप म्हाताऱ्यांना होते. तुमच्या वयात होऊ नये. रक्ताची एक तपासणी लिहून देतो, ती टाळू नका." इतकंच. कुठली तपासणी ते चिठ्ठीवर होतं. एवढ्या मोजक्या शब्दांत माझी आणि त्यांची भेट संपली आणि पुन्हा कधी झाली नाही.

मला एचआयव्ही कसा झाला, हे मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्याला पहिली उत्सुकता त्याचीच असते हे मला पक्कं माहीत आहे. वॉर्डात फेरी मारायला येणाऱ्यांनाही तीच असायची. त्या उत्तराने माझ्या मेंदूवरचा दाब एका सेंटिमीटरनेही कमी होणार नव्हता. बायकोने एकदा विचारलं, तिला मी सांगितलं. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. ती राहिली. या ऋणाला दुसरं कुठलंही ऋण शेजारी ठेवता येत नाही, म्हणून ते इथे मांडत नाही.

मोठ्या हॉस्पिटलात भरती झालो. केसपेपरवर लाल शाईने ठळक अक्षरं पडली आणि खाट मिळाली संडासाच्या दाराजवळची. (अशा वागणुकीविरुद्धचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तेव्हा तो नव्हता.) सीडी-४ पेशींचा आकडा आला अडतीस. धडधाकट माणसात त्या पाचशेच्या वर असतात. राउंडला येणाऱ्या मॅडम नुकत्याच एमबीबीएस होऊन शिकायला आलेल्या, नांदेडकडच्या. त्यांनी खाटेच्या कडेला बसून सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण त्याआधी मला कुणीही काही समजावून दिलं नव्हतं. हा विषाणू स्वतः डोकं दुखवत नाही. तो राखण करणाऱ्या पेशी कमी करतो. मग जे जंतू एरवी आपल्या अंगात किंवा आसपास असूनही काही करू शकत नाहीत, त्यांना संधी मिळते. क्षयाचा जंतू तर कुठल्याही पातळीवर उठतो आणि आपल्या देशात एचआयव्हीच्या माणसाला तोच सगळ्यांत आधी गाठतो. सीडी-४ दोनशेच्या खाली गेले की न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, शंभराच्या खाली टोक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी, पन्नासच्या खाली डोळ्याच्या पडद्यावर सीएमव्ही. या सगळ्यांना संधिसाधू संसर्ग म्हणतात. "तुम्हाला बहुतेक क्रिप्टोकॉकस आहे," त्या म्हणाल्या, "पण पाठीतलं पाणी बघितल्याशिवाय मी म्हणणार नाही."

पाठीतलं पाणी काढणं म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडायचं आणि कण्याच्या दोन मणक्यांमधून सुई जाऊ द्यायची. दाब मोजायचं वेगळं साधन वॉर्डात नव्हतं. मॅडम सलाइनची नळी सुईला जोडून उभी धरायच्या आणि शाळेतल्या लाकडी फुटपट्टीने पाण्याची उंची मोजायच्या. वीस सेंटिमीटरच्या आसपास थांबायला हवं ते चाळीसच्या वर चढलं. मेंदूभोवतीच्या पाण्यात बुरशी साचली की त्याचा निचरा अडतो, दाब वाढतो, डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस दबते आणि म्हणून एकाचे दोन दिसतात. चष्म्याच्या नंबराचं रहस्य हे होतं. पाणी थोडं काढलं की डोकं असं उतरायचं की मला रडू यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायचं, मॅडम पुन्हा काढायच्या. या बुरशीत औषधाइतकंच हे पाणी काढणं माणसाला जगवतं, हे मला पुढे कळलं. त्या वयाच्या डॉक्टरांना झोप मिळत नाही. तरी रोज कुणा एचआयव्हीवाल्याच्या पाठीत सुई घालायला त्या स्वतः यायच्या, कुणावर ढकलायच्या नाहीत.

निदान केलं ते लॅबमधल्या काकांनी. निवृत्तीला आलेले, गळ्यात चष्म्याची साखळी. पाण्याच्या थेंबात काळ्या शाईचा थेंब मिसळून काचेवर पसरतात, एवढीच ती तपासणी. चित्रकार वापरतात ती काळी ड्रॉइंग इंक. जन्म शाईत गेलेला माणूस मी, मला हे ऐकून राहवेना. घरी सोडायच्या आधी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, काका, मला दाखवाल का? सूक्ष्मदर्शकाला एकच डोळा लागतो, तेव्हा दोन दिसण्याची अडचण नव्हती. सगळीकडे काळं, आणि त्यात गोल पेशी, प्रत्येकीभोवती लख्ख कडं, पावसाळ्यात चंद्राला पडणाऱ्या खळ्यासारखं. त्या बुरशीच्या अंगावर जाड साखरेसारखं वेष्टण असतं, त्यात शाई शिरू शकत नाही, म्हणून ती दिसते. "आता बऱ्याचशा मेलेल्या आहेत," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी गर्दी होती नुसती."

ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते. तिचे कण श्वासातून आत जातात आणि सुदृढ शरीर ते दाबून ठेवतं. आमच्या चाळीच्या कठड्यावर कबुतरं होती, छापखान्याच्या पत्र्यावर होती, दादरच्या कबुतरखान्यावरून तर सारी मुंबईच जाते. मला ती कुठून लागली हे कुणीही सांगू शकणार नाही. २०२५ मध्ये त्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि केवढा गदारोळ झाला! दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलत होते. मी त्या वादात पडलो नाही, पण दाणे टाकणाऱ्यांच्या बाजूने मन काही जाईना.

तर औषध. दोन आठवडे रोज अँफोटेरिसिन, मग फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या. गोळ्यांची सोय होती. बाटल्या बाहेरून आणायच्या होत्या, माझ्या वजनाला दिवसाला जवळपास एक. बायकोने आपली पाटली मोडली, मालकांनी उचल दिली, तरीही पहिल्या आठवड्याचा हिशेबच कसाबसा जुळत होता. औषध सुरू झालं की तासाभरात थंडी वाजायला लागायची. थंडी हा शब्द अपुरा आहे, खाट वाजायची. सिस्टर रत्नागिरीकडच्या. आधी सलाइनची बाटली, मग ताप आणि पित्ताची म्हणून जी काय इंजेक्शनं असतात ती, मग औषधाची बाटली काळ्या कागदात गुंडाळून अगदी धिम्या धारेने, चार-सहा तास. मूत्रपिंडाला त्रास होऊ नये म्हणून आधीचं सलाइन, रक्तातलं पोटॅशियम घसरतं म्हणून सिरप आणि शहाळं. एकदा मी हैराण होऊन ठिबक बंद करा म्हटलं, तर म्हणाल्या, "बंद करते. मग उद्या तुमच्या बायकोला मीच समजावते, चालेल?" आणि दुसरं ब्लँकेट आणून टाकलं.

शेजारच्या खाटेवर मशीद बंदरला हमाली करणारा माणूस होता, नगर जिल्ह्यातला, डोंगराकडचा. त्याला हाच आजार. तो उशिरा आला होता. दाबाने त्याची नजर गेलेली. रात्री मला जाग आहेसं वाटलं की विचारायचा, "पाव्हणं, उजाडलं का?" मी म्हणायचो, "अजून नाही." मग आम्ही बोलायचो. तीन मणांचं पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते त्याने मला सांगितलं. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, एक डोळा झाकून. त्याची बायको दिवसभर खाटेखाली पिशवीला टेकून बसलेली असायची. गावी शेळ्या विकून पैसे एकरकमी आणले होते. पुन्हा येतील याची खात्री नव्हती म्हणून तिने सगळ्या बाटल्या एकदम घेऊन वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या.

तो वारला तेव्हा पाऊस होता. गावी न्यायचा खर्च परवडणारा नव्हता, इथेच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी ती उरलेल्या बाटल्या घेऊन केमिस्टकडे गेली. तो म्हणाला, थंडीतलं औषध परत घेत नाही. नियम म्हणून त्याचं बरोबरच होतं. ती पुन्हा वॉर्डात आली, सिस्टरांशी काही बोलली, आणि माझ्या खाटेशी येऊन माझ्या बायकोला म्हणाली,

"ताई, तुमच्या मालकाला ह्येच लागतंय न्हवं?"

बायको उठून उभी राहिली. "हो, पण..."

"मग घ्या. गावाकडं न्हेऊन काय करू? फ्रिज कुठं हाय आमच्यात."

बायकोने पाकीट काढलं. त्या बाईने एस.टी.च्या भाड्यापुरत्या नोटा मोजून घेतल्या, बाकीच्या परत हातात दाबल्या. मुलं गावी होती, लवकर निघायचं होतं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तुमी पुरं करा. ह्यांचं अर्धंच ऱ्हायलं." सिस्टरांनी बाटल्यांवरच्या तारखा तपासल्या, वहीत माझ्या नावावर चढवल्या. सहा. त्या नसत्या तर मध्यावर औषध तुटलं असतं. ही बुरशी काय करते, ते मी शेजारच्या खाटेवर पाहिलंच होतं.

वाचलो, तो नुसता या सहा बाटल्यांवर नाही. ऋणाची साखळी लांब जाते. वॉर्डातून घरी जाताना सेप्ट्रानची मोठी गोळी रोज एक, असं लिहून मिळालं. साधीसुधी जुनी गोळी. ती न्यूमोसिस्टिस टाळते, टोक्सोप्लाझ्मालाही बरीचशी अडवते. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिकात पहिली बातमी आली ती याच न्यूमोनियाची. लॉस एंजलिसमधले पाच तरुण, एकोणतीस ते छत्तीस वर्षांचे, आणि बातमी छापून येईतो त्यांतले दोघे गेलेले. एड्स हे नावही तेव्हा नव्हतं. माझ्याच वयाची ती माणसं. त्यांच्यामागून हजारो गेले तेव्हा कुठे डॉक्टरांना उमगलं की आजार येण्याची वाट न बघता ही गोळी आधीच सुरू करायची.

विषाणूवरचं औषधही माझ्या पदरात नशिबाने पडलं. २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा खुराक साडेतीनशे डॉलरला द्यायची तयारी दाखवली. परदेशी कंपन्या दहा ते पंधरा हजार डॉलर घेत होत्या. तरीही मला ते विकत घेणं जमलं नसतं. पण १ एप्रिल २००४ पासून सरकारने देशातल्या आठ हॉस्पिटलांत ते फुकट द्यायला सुरुवात केली, त्यात मुंबईचं जे.जे. होतं. मी वॉर्डात पडलो तेव्हा या गोष्टीला चार महिनेही झाले नव्हते. म्हणजे शेजारचा हमाल आणि मी दोघेही वर्षभर आधी आजारी पडलो असतो, तर बाटल्या कुणाच्या उरल्या याला काही अर्थच राहिला नसता.

गोळ्या सुरू झाल्यावर तब्येत सुधारेल असं वाटलं होतं. महिन्याभरात मानेला गाठी आल्या, ताप चढला. औषध मानवत नाही म्हणून थांबवावं असं घरात सगळ्यांचं मत पडलं. जे.जे.च्या रांगेत ओळख झालेल्या एका बाईंनी, त्याही याच आजाराच्या, माझा दंड धरून मला डॉक्टरांपुढे उभं केलं. गाठीतून सुईने काढलेल्या पुवात क्षयाचे जंतू निघाले. ते आधीपासून होते. अंगात लढायची ताकदच नव्हती म्हणून सूज नव्हती, ताप नव्हता. ताकद परत येऊ लागली तशी शरीराला त्यांची दखल घेता आली. सुरुवातीच्या आठवड्यांत हे बऱ्याच जणांना होतं आणि नेमके तेव्हाच लोक घाबरून गोळ्या सोडतात. क्षयाच्या रिफॅम्पिसिनशी माझ्या गोळ्यांतलं नेव्हिरॅपिन जुळत नाही म्हणून ते बदलून इफाव्हिरेंझ आलं. त्याने विचित्र स्वप्नं पडतात. मला गॅलीप्रुफं दिसायची, सगळी चुकांनी भरलेली. पुढे स्टॅव्ह्युडिनने गाल बसले, तळपाय जळू लागले. तेही औषध यथावकाश बदललं. आता रात्रीची एक गोळी आहे आणि ओळ एकच दिसते.

बाटल्या देणाऱ्या त्या वहिनींचा पत्ता आमच्याकडे नाही. बायकोने काही वर्षांनी वॉर्डात जाऊन चौकशी केली, पण सिस्टर बदलून गेल्या होत्या आणि जुन्या वह्या कुणाला सापडत नव्हत्या. शोधून तरी काय दिलं असतं? सहा बाटल्यांची किंमत? आम्ही दोघांनी त्यावर बोलून बोलून ते सोडून दिलं.

मी आता एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एका एआरटी केंद्राबाहेर आठवड्यातून एकदा बसतो, केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या खिडकीला जायचं ते दाखवतो. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की गोळ्या मिळतात, तरीही माणसं माझ्यासारखीच खंगून, उशिरा येतात. कुणी महिनोन्महिने टायफॉइडचं औषध घेऊन आलेला असतो, कुणी मायग्रेनचं. बुरशीसाठी आता पट्टीची तपासणी आहे: रक्ताचा थेंब, दहा मिनिटं, आणि डोकं दुखायला लागण्याच्या आधी कित्येक आठवडे ती सापडते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत गोळ्या, असा उपचार सुचवला आहे. एकच दिवस! हे वाचलं तेव्हा मी बायकोला हाक मारून वाचून दाखवलं.

एक विनंती आहे. तुमच्या घरात, ओळखीत कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याला कसं झालं हे विचारू नका. सीडी-४ किती आहे ते विचारा. खोकला, रात्रीचा घाम, न थांबणारी डोकेदुखी, दम, गिळताना दुखणं, नजर अंधुक होणं, यातलं काही आहे का ते विचारा, आणि असेल तर त्याच आठवड्यात त्याच्यासोबत केंद्रावर जा. शंभराच्या खाली आकडा असेल तर डोकं दुखत नसलं तरी क्रिप्टोकॉकसची तपासणी मागून घ्या, क्षयाची तर आकडा कितीही असो. गोळ्या सुरू झाल्यावर ताप आला तर त्या सोडू देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. कुठे जायचं ते माहीत नसेल तर १०९७ ही हेल्पलाइन आहे. फोन मोफत लागतो आणि नाव सांगावं लागत नाही.